धान्याची बँक : कोठी, वही आणि किल्ली



आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती आहे. आषाढात एखाद्याच्या कणगीत धान्य संपलं, तर ते त्याला मिळत कुठून होतं? आणि त्याचा खर्च शेवटी कोणाच्या अंगावर पडत होता? आम्ही हा प्रश्न नगर जिल्ह्यापुरता ठेवणार आहोत. पश्चिमेचा अकोल्याचा घाटमाथा सोडला, तर बाकीचा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे इथे हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडला, आणि प्रत्येक पिढीनं त्याचं वेगळं उत्तर काढलं.

‘फूड बँक’ हा शब्द आता शहरांत सर्रास ऐकू येतो. त्याची सुरुवात १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी केली असं मानतात. उरलेलं, वाया जाणारं अन्न गोळा करायचं आणि गरजूंना फुकट वाटायचं, अशी ती कल्पना. आपल्याकडे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९८० च्या सुमारास धान्य बँक निघाली, ती मात्र वेगळ्या जातीची. तिथे धान्य उसनं मिळायचं आणि ते परत करावं लागायचं. बँक हा शब्द तिलाच जास्त शोभतो. पण तिच्यापर्यंत पोचायला आपल्याला थोडं मागून यावं लागेल.

अन्नछत्राचा हिशेब

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्यांच्या नावानं झालं त्या अहिल्याबाई होळकर १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मल्या. घाट, मंदिरं, धर्मशाळा आणि अन्नछत्रं ही त्यांची देशभरची ओळख. आपण त्यातली भक्ती पाहतो, हिशेब पाहत नाही. हा दानधर्म त्या दौलतीच्या तिजोरीतून करत नसत. होळकरांची ‘खासगी’ म्हणून वेगळी मिळकत होती, तिच्या उत्पन्नातून तो व्हायचा. राज्याचा पैसा वेगळा, धर्मादायाचा वेगळा, अशी शिस्त त्यात होती.

याच जिल्ह्यात शिर्डीला आज त्या परंपरेचं मोठं रूप दिसतं. साई संस्थानच्या प्रसादालयात गर्दीच्या दिवसांत हजारोंनी पंगती उठतात. २००९ पासून तिथे ७३ सौर तबकड्यांवर वाफ तयार करून स्वयंपाक होतो. खर्च भागतो तो भक्तांच्या देणगीतून.

अन्नछत्राचा मोठेपणा असा, की तिथे जेवणाऱ्याच्या नावावर काही लिहिलं जात नाही. उठला, हात धुतले, वाटेला लागला. पण मर्यादाही तिथेच आहे. अन्नछत्र तीर्थाच्या ठिकाणी असतं, वाटेवर असतं. ज्याची पेरणी उरकायची आहे तो कुणबी गाव सोडून तिथे जाणार कसा? आणि आपल्याच गावात मागून खायची लाज वाटते, ती वेगळी. तो मागत नाही, उसनं घेतो. उसनं घ्यायचं तर गावात दार एकच होतं.

पेव आणि सवाई

ते दार सावकाराचं. त्याच्या वाड्यात बळदं असत, अंगणात जमिनीखाली पेव असे. आषाढात पेव उघडायचं. धान्य मापून मिळायचं ते ‘सवाई’नं किंवा ‘दिढी’नं. सवाई म्हणजे एक मण नेलं तर सुगीला सव्वा मण परत, आणि दिढी म्हणजे दीड मण.

हे ऐकून आपल्याला वाटतं की चार महिन्यांत पंचवीस टक्के म्हणजे केवढी लूट! पण खरी मेख त्याच्या पुढे होती. समजा, आषाढात बाजरी चार रुपये मण आहे. सावकार वहीत धान्य लिहीतच नाही, चार रुपये लिहितो. त्यावर सवाई धरून झाले पाच. कार्तिकात नवी बाजरी खळ्यावर येते आणि भाव पडून दोन रुपयांवर येतो. पाच रुपये फेडायला आता अडीच मण बाजरी लागते. नेली एक, दिली अडीच. आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत हीच. महागाईत धान्याचे रुपये करायचे आणि स्वस्ताईत रुपयांचं पुन्हा धान्य करायचं. माप सावकाराचं, वही सावकाराची, आणि अंगठा तेवढा कुणब्याचा.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला भाव आला, पत वाढली, कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्यातच फेरआकारणीत सारा वाढला. सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला भडका उडाला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली गेली, त्यातल्या ५०१ जणांना शिक्षा झाली.

पण लोकांनी केलं काय, ते पाहा. चौकशी आयोगाच्या अहवालातून जे दिसतं त्यात माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे आहेत. जमावाला हवे होते कागद. दस्तऐवज, खतं, वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या. आपण नाडलो गेलो ते वहीत, हे त्या निरक्षर शेतकऱ्याला पुरतं कळलेलं होतं. सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे त्याचे चार जिल्हे.

सरकारी शिधा

दंग्यानंतर वर्षभरातच, १८७६ ला पाऊस गेला. आता प्रश्न सावकाराच्या आवाक्याबाहेरचा होता, कारण पेवंच रिकामी झाली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड लोहमार्ग हे त्यातलंच एक, तो १८७८ मध्ये सुरू झाला. नगरहून आजही त्या गाडीत बसणाऱ्यानं रुळांखालच्या भरावाकडे या नजरेनं एकदा पाहावं.

कामावर धान्य किती द्यायचं, यावर वाद पेटला. रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला, वर थोडी रोकड. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू उचलून धरली. एवढ्या धान्यावर माणूस जगतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या जाहीर राजकारणात तेव्हा आला.

पुढे शंभर वर्षांत हा विषय फिरत फिरत १९७२ च्या दुष्काळाशी येतो. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या तोंडी दोन शब्द हमखास येतात, मिलो आणि सुकडी. मिलो ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी दुष्काळी कामांवर वाटलेला पौष्टिक खाऊ. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भाकरी कशी व्हायची, चव कशी लागायची, सगळं सांगतील.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैशाची सोय आधीच, १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यानं झाली होती. तुमच्यापैकी नोकरदारांच्या पगारपत्रकात ‘पीटी’ म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात. वर्षाला जास्तीत जास्त २,५००. मुळात तो कर शहरातल्या पगारातून खेड्यातल्या बांधबंदिस्तीसाठी घेतला गेला, आणि त्यात राज्यानं तेवढीच भर घालायची असं ठरलं. खर्च कोण भरतं, या आपल्या प्रश्नाला मिळालेलं हे एक अतिशय प्रामाणिक उत्तर आहे, असं आम्हाला वाटतं.

राळेगणची कोठी

आता राळेगणसिद्धी. अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी आले. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, मग दारूबंदी, मग पाणलोटाची कामं, हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. धान्य बँकेचं नाव त्यात येतं, पण एका ओळीत. आम्हाला ती ओळ सोडवत नाही.

रचना अशी होती. ज्याच्याकडे जास्त पिकलं त्यानं सुगीला क्विंटलभर धान्य बँकेत द्यायचं. कोठी मंदिरात. अडलेल्यानं तिथून उसनं न्यायचं आणि पुढच्या सुगीला परत करायचं, वर काही वाढावा घालून. हेतू दोन होते. कोणी उपाशी राहू नये, आणि कोणाला धान्यासाठी सावकाराकडे जावं लागू नये. तिसरा फायदा आपोआप मिळतो. पुढच्या आषाढाची सोय गावातच आहे म्हटल्यावर, सुगीला पडत्या भावात माल घाईघाईनं विकून टाकायची गरज थोडी कमी होते.

हे पाहून जर्मनीतल्या राइफायझन यांची आठवण होते. १८४६-४७ च्या उपासमारीत वायरबुश नावाच्या छोट्या गावचे ते प्रमुख होते. त्यांनी गावातल्या ऐपतदारांकडून पैसे उभे केले, पीठ आणलं, भट्टी बांधली आणि गरिबांना पाव उधारीवर दिला, नंतर फेडा म्हणून. त्या पावाच्या उधारीतूनच पुढे त्यांची ग्रामीण पतसंस्था वाढली. तिचा अभ्यास होऊन भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आणि सहकाराचा मोठा संसार नगर जिल्ह्यातच उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये साखर कारखाना सुरू केला, तो याच वाटेवरचा. पण कारखान्यात शिरायला शेअर लागतो आणि ऊस लागतो. ज्याच्याकडे कोरडवाहू चार एकर आहेत त्याला धान्याची कोठीच जवळची.

हिशेब मांडून पाहू

अशी बँक चालते कशी? आम्ही एक कल्पित हिशेब मांडतो. हे राळेगणचे आकडे नव्हेत, फक्त समजून घ्यायला.

कोठीत १०० क्विंटल धान्य आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धरलं, तर आषाढ-श्रावणाला १२० किलो लागतं. म्हणजे ६० क्विंटलमध्ये पन्नास घरांचे दोन महिने निघतात. ६० दिले, ४० कोठीत राहिले. सुगीला त्यातले ५५ परत आले, ५ बुडाले. कोणाच्या घरी आजारपण झालं, कोणाचं पीक गेलं, हे होणारच. कोठीतल्या ४० मधून सोंडे, उंदीर आणि ओल मिळून २ गेले. वाढावा घेतलाच नाही, तर शिल्लक राहिली ९३. दहा वर्षं असंच चाललं तर कोठी अर्ध्यावर येते. कोणी वाईट वागलं नाही, तरीही.

आता ही घट भरून काढायची तर परत येणाऱ्या क्विंटलमागे साधारण १३ किलो वाढावा लागतो. आणि सवाई घेतली, म्हणजे क्विंटलमागे २५ किलो? मग कोठी १०६ च्या पुढे जाते, पुढच्या वर्षी चार-पाच घरं जास्त सामावतात.

म्हणजे सावकाराची सवाई आणि बँकेची सवाई यांचं गणित एकच असू शकतं! फरक तो वाढावा कुठे साठतो यात आहे. एकीकडे तो वाड्यातल्या बळदात जातो, दुसरीकडे ज्यानं दिला त्याच्याच पुढच्या आषाढासाठी मंदिरात राहतो. दुसरा फरक त्याहून बारीक आहे. बँकेत धान्य नेलं की धान्यच लिहिलं जातं. मधे रुपया येत नाही. १८७५ च्या कुणब्याला ज्या जागी नाडला होता ती जागाच या पद्धतीत बंद होते.

पण एक धोका या हिशेबात दिसत नाही. शहरातल्या बँकेचे हजार खातेदार हजार धंद्यांत असतात. गावातल्या धान्य बँकेचे सगळे खातेदार एकाच पावसावर असतात. पाऊस गेला की मागणारे वाढतात आणि परत करणारे थांबतात, दोन्ही एकाच वर्षी. १०० क्विंटल बाहेर गेले आणि ३० आले, की दुसऱ्या दुष्काळाला कोठी बंद. राळेगणचा क्रम महत्त्वाचा आहे तो यासाठी. तिथे पाणी अडवायची कामं आणि कोठी हातात हात घालून आली. बांध नसते तर जास्तीचं धान्य पिकलं नसतं, आणि कोठीत टाकायला काही उरलं नसतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. परतफेड होत होती ती गावाच्या एकोप्यानं. दलित कुटुंबांचं बँकेचं कर्ज थकलं तेव्हा गावानं श्रमदानानं त्यांची शेती कसून ते फेडायला मदत केली, ही त्या एकोप्याची चांगली बाजू. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं, हे अण्णांनी स्वतःच सांगितलेलं आहे. ती दुसरी बाजू. गावाची शिस्त आणि गावाचा धाक यांच्यातली रेघ पुसट असते. ज्याला धान्य हवं आहे तोच गावात सर्वांत दुबळा असतो, त्यामुळे ती रेघ कुठे ओढायची हे त्याच्या हातात नसतं. कोठीची किल्ली देवळात ठेवली तरी ती कोणाच्या तरी कमरेला असतेच.

खावटीचं काय झालं

सरकारनंही उसन्या धान्याचा प्रयोग केला. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात उपासमार होऊ नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज सुरू झालं. काही भाग धान्यात, काही रोख. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या लोकांना खावटी शब्द चांगला ओळखीचा आहे. पण कर्ज देणारी कचेरी लांब, घेणारा डोंगरात. वसुली होईना, थकबाकी वाढत गेली, माफी झाली. शेवटी २०२० मध्ये सरकारनं कर्ज हा शब्दच काढला आणि खावटी अनुदान केलं. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले निम्मे खात्यात आणि निम्म्याच्या वस्तू.

हे बरं झालं की वाईट? उपाशी माणसाच्या बाजूनं पाहिलं तर बरंच झालं. पण परतफेड गेली तसा घेणाऱ्याचा हक्कही थोडा गेला. बँकेत तो खातेदार असतो, अनुदानाच्या यादीत लाभार्थी होतो. खातेदार वही मागू शकतो. लाभार्थ्यानं यादीत नाव आहे का, एवढंच विचारायचं.

एक प्रश्न

भाषणानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ते इथे देतो. “आता २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. मग धान्य बँकेची गोष्ट आता फक्त आठवणीपुरती नाही का?”

प्रश्न रास्त आहे. रेशनमुळे आषाढातली भूक पुष्कळ कमी झाली, आणि त्याचा खर्च सगळा देश भरतो. एका गावाच्या पावसावर ते अवलंबून नाही. जी गोष्ट गावच्या कोठीला कधीच जमली नसती ती इथे झाली. त्यामुळे जुनी कोठी पुन्हा उघडा, असं आम्ही म्हणणार नाही.

तरी दोन गोष्टी उरतात. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ येतो. पारनेर-कर्जतचं ताट बाजरी-ज्वारीचं. आपण काय खायचं हे गावची कोठी गावात ठरवत होती. याच जिल्ह्यात अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथला नियम, बियाणं न्या आणि दुप्पट परत करा. हीच जुनी रीत आहे, फक्त कणगीच्या जागी बियाण्याचं मडकं आलं. जिथे सरकारचा हात पोचत नाही तिथे ती अजून उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट वहीची. आज धान्य घेताना आपण यंत्रावर अंगठा लावतो. यंत्रानं ओळखलं नाही तर म्हातारी रिकाम्या पिशवीनं परत येते, आणि का परत आली हे तिला वाचून दाखवणारं कोणी नसतं. १८७५ चा अंगठा आणि आजचा अंगठा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण आपल्या नावावर काय लिहिलंय ते आपल्याला कळलं पाहिजे, ही मागणी दोन्ही वेळची सारखीच आहे.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी, माळ्यावर, जुन्या पेटीत धान्याच्या देवघेवीच्या वह्या असतील, मोडीतल्या असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. कोणी किती पायल्या नेल्या आणि किती परत केल्या, हे सरकारी दप्तरात फारसं सापडत नाही. ते तुमच्याच घरात आहे.